निवेदकाला हे कसे कळले?

चार वर्षांपूर्वी जुलै महिन्यातील एका शनिवारी, लालबागमधील एका वाचनालयाच्या माडीवर, नववीतील एका मुलीने आपली कथा वाचून दाखवली. कथेतील मुलगी रात्री उशिरापर्यंत जागी असते. वडील आल्याचे तिला जिन्यावरच्या पावलांवरून कळते, आणि ती पावले कशी पडत आहेत हे ऐकून आज झोपेचे सोंग घ्यायचे की उठून पाणी द्यायचे हे ती ठरवते. कथा जेमतेम दीड पानाची होती. वाचून संपल्यावर खोलीत कोणीच बोलले नाही, आणि त्या शांततेत, सगळ्यांच्या देखत, मी तिला विचारले, "हे खरंच घडलंय का गं?" ती "नाही" म्हणाली, तिने वही मिटली, आणि पुढचे पाच शनिवार ती आली नाही.

माझ्या मनात तेव्हा तिचे कौतुकच होते. कथा इतकी खरी वाटली की तसे विचारल्यावाचून राहवले नाही, एवढाच माझा हेतू होता. पण चौदा वर्षांच्या मुलीच्या कानांवर तो प्रश्न कसा पडला असेल याचा विचार मी त्या रात्री केला आणि मला फार वाईट वाटले. "हो" म्हटले तर घरातली गोष्ट वर्गासमोर उघडी पडणार होती, आणि "नाही" म्हटले तर इतक्या कष्टाने लिहिलेले सारे खोटे ठरणार होते. कथा या प्रकाराने तिला एक आडोसा दिला होता. त्यामागे उभे राहून तिला जे बोलता आले, ते समोर येऊन कधीच बोलता आले नसते. तो आडोसा मी एका वाक्याने काढून घेतला होता.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे; दुसऱ्यांचे लिखाण ओळ न् ओळ वाचणे हे माझे बावीस वर्षांचे काम. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी कथालेखनाचा हा वर्ग मी जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दर शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळात घेते. गणपतीच्या दिवसांत लालबागमध्ये पाऊल टाकायला जागा नसते, म्हणून तेवढे दिवस वर्ग बंद असतो. मुले पंधरा ते वीस असतात. त्या जुलैनंतर मी वर्गाची सारी आखणी बदलली आणि "हे खरे आहे का?" या प्रश्नाच्या जागी एकच प्रश्न ठेवला : निवेदकाला हे कसे कळले?

निवेदक म्हणजे कथा सांगणारा, आणि तो म्हणजे लेखक नव्हे, एवढी एकच गोष्ट मुलांना नीट उमगली तर कथालेखनाचे अर्धे शिक्षण झाले असे मी मानते. ही गोष्ट त्यांना नवी असते असेही नाही. पाचवी-सहावीपासून ती "फाटक्या पुस्तकाचे मनोगत" आणि "बंद पडलेल्या गिरणीचे मनोगत" असे निबंध लिहीत आलेली असतात. त्या निबंधातील "मी" म्हणजे आपण नव्हे हे प्रत्येकाला ठाऊक असते. "मी धूळ खात पडलो आहे" असे लिहिले म्हणून त्या मुलाची चौकशी करायला कोणी घरी येत नाही. तरीही त्याच मुलाने "मी आज शाळेत गेलो नाही" या वाक्याने कथा सुरू केली की वर्गातली सगळी डोकी त्याच्याकडे वळतात. म्हणून मी पहिल्या शनिवारी ते जुने मनोगतच हाती घेते. कपाटातल्या पुस्तकाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही? त्याला ग्रंथपालाचा हात ठाऊक असेल, पण ग्रंथपालाचे घर ठाऊक असेल का? मागच्या रांगेतल्या पुस्तकाला खिडकीबाहेरचा पाऊस दिसेल, की नुसता दमट वास येईल? अशा प्रश्नांवर मुले तावातावाने भांडतात, आणि भांडता भांडता सांगणाऱ्याच्या माहितीला एक कुंपण असते हे त्यांच्या लक्षात येते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कथेला आडोसा मानायचे म्हणजे मुलाच्या दुःखाकडे पाठ फिरवायची असे नाही. एखादे लिखाण वाचून काळजी वाटली, तर वर्ग संपल्यावर, इतर मुले जिना उतरून गेल्यानंतर, मी कथेचा विषयही न काढता "तू बरी आहेस ना? काही लागलं तर मला सांगशील ना?" एवढेच विचारते. अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक वर्गाच्या फळ्याशेजारी वर्षभर लावलेला असतो. वर्गात मात्र चर्चा कथेची होते, कथा लिहिणाऱ्याची होत नाही.

दुसऱ्या शनिवारी आम्ही चिमणी आणि कावळ्याची गोष्ट घेतो. दहावीच्या मुलांना प्रथम ते बालिश वाटते, पण ती गोष्ट ज्याला सांगता येत नाही असे मूल माझ्या वर्गात अजून आलेले नाही, आणि सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर बोलण्यासारखा दुसरा लाभ नाही. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा चिमणीच्या दाराशी येतो आणि "चिऊताई, चिऊताई, दार उघड" म्हणतो. आतून उत्तर येते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. मग थांब, बाळाला टीट लावते. मग थांब, बाळाला निजवते. मी विचारते, ही गोष्ट ऐकताना तुम्ही कुठे उभे असता? बहुतेक मुले विचार न करता "चिमणीच्या घरात" म्हणतात. मग कोणाच्या तरी ध्यानात येते की चिमणीचा आपल्याला फक्त आवाज ऐकू येतो. पाऊस आपल्या अंगावर पडतो आहे. दार आपल्या तोंडावर बंद आहे. निवेदक कावळ्याबरोबर बाहेर उभा आहे, आणि म्हणून लहानपणी प्रत्येक "थांब" ऐकताना आपला जीव अडकत असे.

यानंतरचा तास दाराच्या आतला असतो. तीच गोष्ट आतून लिहायची, पण बाहेरचे काही दिसता कामा नये. मागच्या वर्षी एका मुलीने लिहिले की चिमणीने बाळाला तीनदा न्हाऊ घातले, कारण कावळ्याला नाही म्हणायचे धाडस तिच्यात नव्हते आणि हो म्हणायची तिला भीती वाटत होती. मूळ गोष्टीतील तो लाडका वेळकाढूपणा एका क्षणात भयभीत झाला. घटना एकही बदलली नव्हती. फक्त निवेदक दाराच्या अलीकडून पलीकडे गेला होता. गोष्टीचा शेवटही प्रत्येकाच्या घरी निराळा असतो; कोणाचा कावळा चुलीपाशी ऊब घेतो, कोणाचा तव्यावर बसून भाजतो. त्यावरून आमची बरीच चर्चा झाली, पण मला त्या चर्चेपेक्षा त्या तीनदा न्हालेल्या बाळाचे मोल अधिक वाटते.

या कामात मराठी भाषा शिक्षकाला जेवढी मदत करते तेवढी क्वचितच एखादी भाषा करत असेल. आपल्याकडे "मी" बोलू लागला की "गेलो", "आलो" अशा पहिल्याच भूतकाळी क्रियापदात तो पुरुष की स्त्री हे उघड होते. "मी गेलो" आणि "मी गेले" यांत एका कान्याचा फरक, पण पंधरा वर्षांच्या मुलाला कागदावर "मी गेले" लिहायला किती बळ लागते हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. काही मुले सबंध कथा वर्तमानकाळात लिहितात, केवळ ते क्रियापद टाळण्यासाठी, आणि मग "मी जातो" की "मी जाते" याशी त्यांची गाठ पडतेच. मी त्यांना घाई करत नाही. ज्या दिवशी मुलगा "मी स्टेशनवर उतरले आणि ओढणी नीट केली" असे बिचकल्याशिवाय लिहितो, त्या दिवशी लेखक आणि निवेदक यांतले अंतर त्याने स्वतःच्या हाताने मोजलेले असते.

"आम्ही" आणि "आपण" यांचेही तसेच आहे. "आम्ही त्या मुलाशी बोलत नव्हतो" असे म्हणणारा निवेदक वाचकाला बाहेर ठेवतो. "आपण अशा मुलांशी बोलत नाही" म्हणणारा त्याच वाचकाला त्या अपराधात सामील करून घेतो. आणि "म्हणे" हा दोन अक्षरांचा शब्द तर कथाकाराला मिळालेले वरदान आहे. "तिसऱ्या मजल्यावरची काकू घर सोडून गेली" आणि "तिसऱ्या मजल्यावरची काकू म्हणे घर सोडून गेली" ही दोन वाक्ये मी फळ्यावर लिहिते आणि दुसरे वाक्य कोण बोलत असेल ते विचारते. उत्तरे भराभर येतात : सामायिक नळावर पाणी भरणारी बाई, वॉचमन, काकूंचा मुलगा ज्याच्या वर्गात आहे तो मुलगा. पहिल्या वाक्याचा निवेदक मात्र त्यांना सांगता येत नाही, कारण ते वाक्य सगळे ठाऊक असलेल्या कोणाचे तरी आहे. सर्वज्ञ निवेदक म्हणजे काय हे याहून सोप्या रीतीने मला समजावता आलेले नाही. श्रावणातल्या कहाण्यांचा "आटपाट नगर होतं" म्हणणारा आवाज त्या जातीचा. त्याला कसे कळले असे तिथे कोणी विचारत नाही, कारण ती कहाणी कानोकान चालत आली आहे आणि तिच्यामागे पिढ्या उभ्या आहेत. एकटा मुलगा त्या आवाजात लिहू लागला की त्याला एका परिच्छेदात चौघांच्या मनातले दिसू लागते, आणि वाचकाला मग कोणाचाच हात धरता येत नाही.

कथानक शिकवताना मी तीन शब्दांवर भर देते : मग, म्हणून आणि तरी. मुलांच्या पहिल्या कथा "मग"च्या असतात. मग आम्ही दादरला उतरलो, मग पाऊस आला, मग काकांचा फोन आला. यात घटनांची रांग असते, पण मधली एखादी घटना काढली तरी काही कोसळत नाही. "म्हणून" आला की घटना एकमेकींवर रेलू लागतात : पाऊस आला म्हणून गाड्या थांबल्या, गाड्या थांबल्या म्हणून तिला वडिलांच्या शेजारी बसून तो फोन घ्यावा लागला. "तरी" मात्र माणसाचा स्वभाव दाखवतो. वडील शेजारी होते, तरी तिने फोन घेतला. एवढ्यावर ती मुलगी उभी राहते. धाडसी, बिनधास्त, हट्टी अशी विशेषणे लावण्याची गरज उरत नाही. आपापल्या कथेत "मग" कुठे आहे ते मुले लाल पेनाने शोधतात, आणि शक्य तिथे त्याचा "तरी" करता येतो का ते पाहतात. सगळीकडे तसे करू नये हेही सांगावे लागते, नाहीतर पात्रे उगाच अडेलतट्टू होतात.

भोपळ्यात बसलेली म्हातारी इथे कामी येते. लेकीकडे जाताना जंगलात वाघ अडवतो तेव्हा ती म्हणते की लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. हा तिने दिलेला शब्द काढून टाकला तर परतीची वाट म्हणजे नुसता प्रवास उरतो. शब्द आहे म्हणूनच लेकीच्या घरचा सुखाचा प्रसंगही निवांत राहत नाही. म्हातारी प्रेमाने रोटी खाते, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक घासासरशी वाघ जवळ येताना दिसतो. जेवण चालू असताना वाघाचे नावही न घेता वाघ खोलीत कसा आणायचा, हे मुलांना या गोष्टीतून जसे दिसते तसे माझ्या कुठल्याही व्याख्यानातून दिसले नसते.

तपशिलाविषयी मला सगळ्यांत जास्त बोलावेसे वाटते, कारण मुंबईतली मुले तपशिलात राहतात आणि लिहिताना मात्र तो टाकून देतात. "आमचे घर लहान होते" हे वाक्य मला दरवर्षी भेटते. एका मुलीला मी लहान म्हणजे किती असे विचारले, तेव्हा तिने पुढच्या शनिवारी "१६० चौरस फूट" असे लिहून आणले. ती बीडीडी चाळीत वाढलेली. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींमधील खोल्या तेवढ्याच आहेत, आणि पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे हेही तिला तोंडपाठ होते. आकडा अगदी बरोबर होता, पण कथेत तो तसाच पडून राहिला. मी विचारले, कथेतल्या मुलीला हा आकडा कसा कळतो? तिने काही टेपने खोली मोजलेली नाही. त्यावर तिने बराच वेळ विचार केला आणि लिहिले : "बाबा रात्रपाळीहून येऊन झोपलेले असले की आईला कपाट उघडता येत नाही, कारण कपाटाचे दार बाबांच्या पायांना लागते, म्हणून शाळेचा गणवेश आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवायचा." आता खोली लहान आहे असे कोणी सांगायला नको होते, वडिलांचे काम, आईची काळजी आणि मुलीची शिस्त सगळे त्या एका कपाटाच्या दारात आले होते. मोठ्या घरात गेल्यावर पहिल्या रात्री ती मुलगी सवयीने गणवेश बाहेर काढून ठेवते, हा तिच्या कथेचा शेवट होता. तो तिला सुचला, कारण दाराचा तपशील आधी सापडला होता.

असा तपशील बसल्या जागी मिळत नाही, म्हणून एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत खास वर्ग ठेवून मी मुलांना अर्ध्या तासासाठी खाली, मिरच्या-मसाल्यांच्या दुकानांकडे पाठवले. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा मसाला कुटून घ्यायला लालबागमध्ये दुरून माणसे येतात. अट एवढीच होती की जो तिथे गेलेला नाही त्याला कल्पनेने लिहिता येणार नाही अशी एकच गोष्ट आणायची. गर्दी, लाल रंग आणि मिरचीचा ठसका हे सगळ्यांनी आणले, आणि ते घरी बसूनही लिहिता आले असते. एका मुलाने लिहिले की आम्ही सगळे शिंकत होतो, आणि दुकानातली आमच्याच वयाची मुलगी नाकाला रुमालसुद्धा न लावता गणित सोडवत होती. त्याने पुढे एक शब्द लिहिला नव्हता, आणि मीही लिहायला सांगितले नाही.

संवादाबद्दल थोडेच. मुलांना वाटते की छापण्यासारखे लिहायचे म्हणजे आईनेसुद्धा "बाळा, तू भोजन केलेस का?" असे विचारले पाहिजे. निवेदन प्रमाण मराठीत असले तरी माणसे आपापल्या तोंडाने बोलतात. मालवणी आजी मालवणीत बोलेल आणि मित्र अर्धे हिंदीत बोलतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोण कोणाला "तू" म्हणतो आणि कोण "तुम्ही". आईला "तू" आणि वडिलांना "तुम्ही" म्हणणारा मुलगा ज्या ओळीत वडिलांना पहिल्यांदा "तू" म्हणतो, त्या ओळीत भांडणाचे वर्णन करायची गरज राहत नाही.

शेवटांनी मात्र मला सर्वाधिक छळले आहे. दोन प्रकारचे शेवट वर्गात साथीसारखे पसरतात. पहिला, "आणि तेवढ्यात मला जाग आली." स्वप्नाचा शेवट मी सरळ बंद केला आहे, कारण पात्राने जे सोसले आणि वाचकाने ज्यावर विश्वास ठेवला, ते सारे असा शेवट परत घेतो. दुसरा प्रकार तात्पर्याचा, आणि त्यात मुलांचा दोष नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनात कथालेखन असते, आणि कथेला वर शीर्षक आणि खाली तात्पर्य हवे ही सवय शाळेपासून क्लासपर्यंत सगळीकडे घोटवून घेतली जाते. परीक्षेत तसेच लिहा, असे मीही त्यांना सांगते; गुण त्यांचे आहेत, त्यांच्याशी मी खेळणार नाही. पण तात्पर्याची परंपरा जिथून आली असे सांगितले जाते त्या पंचतंत्राकडे मी त्यांना एकदा नीट पाहायला लावते. विष्णुशर्मा तीन राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा पण करतो, म्हणजे विद्यार्थी बहुधा यांच्याच वयाचे. त्यातली खुंटी उपटणाऱ्या माकडाची गोष्ट सगळ्यांनी वाचलेली असते : अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर माकड उपसून काढते आणि फटीत सापडून मरते, तात्पर्य, नसत्या उठाठेवी करू नयेत. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते. पंचतंत्रात ती करटक नावाचा कोल्हा दमनक नावाच्या कोल्ह्याला सांगतो, त्याने सिंहाच्या कारभारात नाक खुपसू नये म्हणून. आणि दमनक ती ऐकून घेतो आणि जायचे तिथे जातोच. तात्पर्य सांगणाऱ्याचे असते. ऐकणारा ते घेईल याची हमी खुद्द पंचतंत्रही देत नाही, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो पाहण्यासाठी मी हा तास दरवर्षी घेते.

यावरून मी वर्गात एक नियम करून टाकला होता. कथा पुरी झाली की शेवटचा परिच्छेद हाताने झाकायचा आणि कथा वाचायची. दहांतल्या आठ वेळा झाकलेल्या परिच्छेदाआधीच कथा संपलेली असते, आणि मी तो परिच्छेद खोडून वही परत करते.

गेल्या फेब्रुवारीत आठवीतल्या एका मुलीच्या कथेवर मी अशीच रेघ मारली. कथा एका आजीच्या तोंडची होती. तिची नात शेजारच्या मैत्रिणीशी भांडते, आजी खिडकीतून ते पाहते, दोघींना बोलावून खोबऱ्याची वडी देते, आणि कथेच्या शेवटी मैत्री, क्षमा आणि गोड बोलणे यांवर सहा ओळींचा उपदेश येतो. त्या सहा ओळी मी खोडल्या. मुलगी वही घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "ताई, हे तात्पर्य माझं नाहीये. हे आजीचं आहे. दोघी वडी घेऊन केव्हाच पळून गेल्यात. आजीला गुडघ्यांमुळे खिडकीतून वाकून बघता येत नाही, म्हणून तिला ते माहीत नाही. ती एकटीच बोलत बसलीये."

मी कथा पुन्हा वाचली. मुली पळाल्याचे आजीच्या तोंडी कुठेही नव्हते, आणि ते असणे शक्यही नव्हते. फक्त शेवटच्या सहा ओळींच्या आधी जिन्यावर चपला वाजल्याचे एक वाक्य होते, आणि आजीने तो आवाज वरच्या मजल्यावरच्यांचा समजला होता. ते वाक्य माझ्या नजरेतून सुटले होते. मुद्रितशोधनात खोडलेला मजकूर परत राहू द्यायचा असेल तर त्याच्याखाली टिंबे देतात. तिच्यासमोर बसून मी त्या सहाही ओळींखाली टिंबे दिली, आणि कथा आमच्या हस्तलिखित अंकात आजीच्या उपदेशासकट गेली.